बेळगावच्या टिळकवाडीतला जावाचा क्लास: प्रायव्हेट डोक्यात बसलं, प्रोटेक्टेडला गंडलो

व्हीटीयूच्या (कर्नाटकातली इंजिनिअरिंगची युनिव्हर्सिटी) २०२२ स्कीमला, म्हणजे सिलॅबसला, तिसऱ्या सेमला जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, कॉलेजात नोट्स उतरवण्यापलीकडं काय झालं नाही म्हणून आरपीडी क्रॉसकडच्या एका क्लासला दोन महिने गेलो. फी ६ हजार. खानापूरची दोन पोरं रोज विचारालेत जाऊ काय नको, म्हणून एकदाच लिहून टाकतो. नाव घालत नाही, सर रस्त्यात भेटतात अजून.

ॲक्सेस लेव्हलचे, म्हणजे कोडातलं काय कुणाला दिसणार हे ठरवणाऱ्या प्रायव्हेट, प्रोटेक्टेड असल्या शब्दांचे, पहिले दोन तास म्हणजे पैसे वसूल. जावातला क्लास म्हणजे साचा, त्यातनं काढलेली एकेक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. मला वाटायचं प्रायव्हेट म्हणजे एका ऑब्जेक्टचं दुसऱ्याला दिसणारच नाही. सरांनी उदाहरणाला पिग्मी (रोज थोडे थोडे पैसे भरायचं खातं) घेतली, आपल्याकडं दुकानादुकानात पिग्मीवाला येतोच की ओ, तर खातं नावाचा क्लास, त्यात शिल्लक प्रायव्हेट, आणि माझ्या खात्यातनं आईच्या खात्यात पैसे वळवायची मेथड (ते काम करणारा कोड) पण त्याच क्लासात. मी म्हटलं सर, आईची शिल्लक प्रायव्हेट हाय, माझ्या ऑब्जेक्टनं कशी बदलायची? रन केलं तर बदलली की! कारण प्रायव्हेटची हद्द क्लासची, ऑब्जेक्टची नव्हे. इक्वल्स मेथडमध्ये (दोन ऑब्जेक्ट सारखी काय ते बघणारी) समोरच्याचं प्रायव्हेट फील्ड मी आधीपण थेट वाचत होतो, चालतंय म्हणून गप्प, का चालतंय ते त्या दिवशी कळलं.

मग सरांनी रिफ्लेक्शन (प्रोग्रॅम चालू असताना क्लासच्या आत हात घालायची जावाची सोय) लावून, सेटॲक्सेसिबल ट्रू करून, भलत्याच क्लासातनं तीच शिल्लक शून्य करून दाखवली. चोराला अडवायला प्रायव्हेट नाहीच म्हणे, सोबतच्या पोरानं चुकून शिल्लक मायनसमध्ये घालू नये, पैसे काढायचे तर चेक असलेल्या मेथडमधनंच काढावेत, एवढ्यासाठी ते. हे सगळं एकदा मराठीत एकदा कन्नडात, गोकाकची पोरं पण खूश.

आता बोंब. प्रोटेक्टेड दहा मिनिटात उरकलं, "फक्त सबक्लासला दिसतं, चला पुढं." सबक्लास म्हणजे त्या क्लासाचा वारसा (इनहेरिटन्स) घेतलेला क्लास. मी तेच पाठ केलं आणि लॅबच्या व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) मला विचारलं, सेम पॅकेजमधला (पॅकेज म्हणजे एकत्र ठेवलेल्या क्लासांचा गठ्ठा) क्लास, इनहेरिटन्स नाही, त्याला प्रोटेक्टेड चालेल काय? नाही म्हणून ठोकून दिलं. जावात चालतंय ओ! सबक्लास आणि फ्रेंड (क्लासनं स्वतः परवानगी दिलेले) सोडून बाकीच्यांना बंद, ते सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेत. सर जुने सी प्लस प्लसवाले, हात तिकडंच वळतोय बहुतेक. आणि काहीच लिहिलं नाही तर काय, हे तर आलंच नाही, जावात ते पॅकेजपुरतं उघडं राहतं, सी प्लस प्लसच्या क्लासात प्रायव्हेट आणि स्ट्रक्टमध्ये (तिथला क्लाससारखाच प्रकार) पब्लिक, म्हणजे सगळ्यांना उघडं, हे मी घरी बसून करून बघितलं.

कॉम्प्युटर आठ, पोरं वीस, त्यातला खिडकीजवळचा पावसात बंद. साडेतीन स्टार. गेलात तर प्रोटेक्टेडच्या दिवशी हात वर करून पॅकेजचं विचाराच, सर चिडत नाहीत, उलट कोड लिहून दाखवतात, मीच तेव्हा विचारलं नाही.