धंतोलीतला घरच्यांचा वर्ग : पाचापैकी चार

एक गुण कापला तो कायद्याच्या तासासाठी, त्याचं पुढे सांगते. ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा वर्षानुवर्षं न हटणारं डिप्रेशन आहे त्यांच्या घरच्यांना आजार समजावणारा, नागपूरच्या धंतोलीतला हा वर्ग त्यांनी करावा, आणि जमलं तर जोडीनं करावा. घरातली एकटीच बाई शिकून आली तर तिचं कोणी ऐकत नाही. उलट "आली डॉक्टरीण" म्हणतात.

मी प्रतापनगरला डबे देते. माझ्या दिरांना, भाऊजींना, बारावीनंतर स्किझोफ्रेनिया झाला; आता ते चाळिशीत आहेत. सासूबाई होत्या तोवर सगळं त्यांनी सांभाळलं, खरं म्हणजे लपवलं. त्या गेल्या आणि गोळ्यांचा डबा माझ्या हातात आला. मिक्सर घेतला तरी सोबत एक पुस्तिका येते, इथं तेवढंही नाही. डॉक्टर चांगले आहेत हो, पण बाहेर रांग केवढी आणि आत वेळ पाच मिनिटं. "गोळ्या चालू ठेवा" यापलीकडे काही विचारायची सोय नसते. या वर्गाचा कागद त्यांच्याच केबिनबाहेर चिकटवलेला होता.

आठ रविवार, सकाळी साडेदहा ते एक. फी नाही. पाचशे रुपये आधी जमा करायचे, सात तरी रविवार हजर राहिलं की परत मिळतात. हे बरं केलंय, कारण फुकट म्हटलं की आपल्याकडे लोक दुसऱ्या रविवारपासून दिसत नाहीत. काँग्रेसनगर मेट्रो स्टेशनवरून येता येतं. गाडी शक्यतो आणू नका, धंतोलीत दवाखान्यांच्या गर्दीत रविवारीसुद्धा लावायला जागा सापडत नाही. वर्ग दुसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही, आणि येणारे निम्मे लोक साठीच्या पुढचे. हे आयोजकांना सगळ्यांनी सांगितलं, त्यांनी मान डोलावली.

पेशंटला वर वर्गात आणायचं नाही, असा नियम आहे. सुरुवातीला खटकतो. पण पोरगा शेजारी बसलेला असताना कोणती आई "मी थकली आता" असं बोलेल? ज्यांना घरी एकटं ठेवता येत नाही त्यांच्यासाठी खाली एक खोली आहे, कॅरम, रंग-कागद आणि लक्ष ठेवायला एक ताई. भाऊजी तिथं कॅरम खेळले आणि वर बसलेल्या आम्हा दोघांपेक्षा जास्त खुशीत घरी आले.

शिकवणारे दोघं. एक मॅडम मनोरुग्णांसोबत काम करणाऱ्या सोशल वर्कर, आणि दुसरे निवृत्त मास्तर, ज्यांचा स्वतःचा मुलगा आजारी आहे. अमेरिकेत नामी म्हणून १९७९ पासूनची मोठी संघटना आहे, तिच्या कुटुंबांसाठीच्या वर्गातही घरचेच घरच्यांना शिकवतात, आठ वर्ग, तेही फुकट. त्याच धर्तीवर हा बांधलाय. मास्तरांनी मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की अमेरिकेच्या आधी अमृतसर ऐका. तिथल्या मनोरुग्णालयात १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना पेशंटसोबत राहायला लावलं. तोवर रीत अशी की माणूस आत टाकायचा आणि निघून जायचं. तंबूत राहणाऱ्यांनी दुसऱ्यांची माणसं बरी होताना पाहिली, सेवा कशी करायची ते पाहिलं आणि आपलं माणूस घेऊन घरी गेले. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनंही घरच्यांना सोबत ठेवण्याची पद्धत धरली. मला हे ऐकून बरं वाटलं. नाहीतर आपल्याला वाटतं, घरच्यांना शिकवायचं हे नवीनच काही फॅड आहे.

तिसऱ्या रविवारी, स्किझोफ्रेनियात कानात आवाज ऐकू येतात म्हणजे काय होतं ते दाखवायला, मॅडमनी आमच्या ह्यांना पुढे बोलावलं आणि खुर्चीवर बसवलं. दोन्ही बाजूंना दोन काकू, पेपरच्या सुरळ्या करून ह्यांच्या कानांना लावलेल्या. एकीनं पुटपुटत राहायचं, "सगळे तुझ्याकडेच बघताहेत, तुला काहीच जमत नाही." दुसरीनं नुसतं हसायचं आणि मधेच ह्यांचं नाव घ्यायचं. मॅडम समोर किराणावाल्या झाल्या. तूरडाळ एक किलो एकशे साठ, साबण चाळीसचे दोन, पाचशेची नोट दिली, परत किती? माझ्या नवऱ्यानं सगळी नोकरी वीज खात्याच्या हिशेबात काढली आहे. मॅडम पुन्हा पुन्हा विचारताहेत आणि हे नुसते त्यांच्या तोंडाकडे बघताहेत. शेवटी जोरात "अहो थांबा ना जरा!" म्हणून ओरडले. कोणावर, ते त्यांनाही सांगता आलं नाही. वर्ग आधी हसत होता, मग गप्प झाला. घरी "एकच गोष्ट तुला किती वेळा सांगायची" हे ह्यांचं भाऊजींना रोजचं वाक्य होतं. आता ते अर्ध्यावर येऊन थांबतं. बंद झालंय असं म्हणणार नाही.

या एका तासासाठीसुद्धा जिना चढावा, पण खरी भर आहे ती त्याच्या पुढच्या तासात, घरात बोलायचं कसं यावर. लंडनमध्ये १९७६ साली ख्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांचा अभ्यास आला. घरात टोमणे, तिटकारा किंवा डोक्यावर बसून केलेली काळजी जास्त असेल, तर दवाखान्यातून आलेला माणूस पुन्हा आजारी पडण्याची शक्यता वाढते. त्यातही अशा नातेवाइकासोबत आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर जात असतील आणि गोळ्या चालू नसतील तर फारच. दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये ३५ तास म्हणजे बुधवारपर्यंतच संपतात, असं एक दादा म्हणाले. पुढे चंदीगडला असाच अभ्यास झाला तेव्हा अशी घरं लंडनच्या मानानं बरीच कमी सापडली, हेही मॅडमनी सांगितलं. त्यावर मागून एक काकू, "ते चंदीगडवाले आमच्याकडे आलेच कुठं बाप्पा!"

टोमण्यांचं सगळ्यांना पटतं. जास्तीची काळजी हाही त्रासच, हे कोणाच्याच गळी उतरत नव्हतं. एक आई तिशीतल्या मुलाला रोज संत्री सोलून, बिया काढून वाटीत द्यायची. तिला आठवड्याचा गृहपाठ मिळाला : संत्री टेबलावर ठेवायची आणि स्वयंपाकघरात जायचं. पुढच्या रविवारी तिनं सांगितलं, चौथ्या दिवशी पोट्ट्यानं स्वतः सोलून खाल्ली आणि सालं सोफ्याखाली टाकली. टाळ्या पडल्या. आंघोळ न करणं, दिवसभर पडून राहणं हा आळस नसून आजाराचाच भाग असतो, हे इथं कळतंच. पण म्हणून सगळं आपणच करायचं का, याचं उत्तर त्या सालांत होतं.

औषधांचा तास एका तरुण डॉक्टरनं घेतला आणि छान घेतला, कारण तो नागपूरचं ऊन धरून बोलला. लिथियम (बायपोलरचं औषध) घेणाऱ्यांनी मे महिन्यात कान टवकारून ऐकावं असं. शरीरातलं पाणी आणि मीठ घामावाटे गेलं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जोरात थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, बोलणं जड झालं, चाल डगमगली तर उद्यावर ढकलायचं नाही, दवाखाना गाठायचा. बीपी आहे म्हणून कोणाच्या सांगण्यावरून एकदम मीठ तोडायचं नाही. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर आणून द्यायची नाही, त्यानंही लिथियम चढतं. स्किझोफ्रेनियाच्या काही गोळ्यांमुळेही शरीराला उष्णता झेपत नाही. आपण कूलरमध्ये बादल्या ओततो आणि माणूस तहानलेला राहतो, हे त्याचं वाक्य मी फ्रिजवर लिहून लावलंय.

क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या औषधावर असलेल्यांची पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी असते. पांढऱ्या पेशी घसरू शकतात, म्हणून ताप आणि घसादुखी आली की आधी रक्त तपासायचं. सिगारेट एकदम सोडली तर या औषधाचं प्रमाण रक्तात वाढतं, तेही डॉक्टरांना कळवायचं. लगेच एकानं विचारलं, "आणि खर्र्यानं?" खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, नागपुरात हा प्रश्न येणारच होता. डॉक्टर म्हणाले, फरक धुरानं पडतो, खर्र्यानं पडत नाही; पण त्यानं तोंडाचा कॅन्सर होतो, ते वेगळं. विचारणाऱ्याला यातला पहिला अर्धाच ऐकू आला असावा. ओलान्झापिन या स्किझोफ्रेनियाच्याच दुसऱ्या गोळीनं भूक आणि वजन वाढतं, यावर मी माझ्या धंद्याच्या बाजूनं थोडी भर घातली. भाऊजींच्या ताटात भात आधी वाढायचा नाही, आधी सलाद आणि उसळ. ज्यांना सावजीशिवाय जेवण जात नाही त्यांनी काय करायचं, याला माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

एका ताईनं भीतभीत विचारलं, पेशंटला ताजबागला, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याला, नेलं तर चालेल का. मला वाटलं आता भाषण ऐकावं लागणार. मॅडम एवढंच म्हणाल्या, जरूर जा, त्या दिवशीच्या गोळ्या पर्समध्ये ठेवा आणि कोणी मारायला, बांधायला किंवा गोळ्या बंद करायला सांगितलं तर परत फिरा. इथल्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे, खुद्द ताजुद्दीन बाबांना इंग्रजांच्या काळात नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात वर्षानुवर्षं ठेवलं होतं. तेच आजचं प्रादेशिक मनोरुग्णालय.

आता कापलेला गुण. कायद्याचा तास ज्या वकिलांनी घेतला त्यांनी पडद्यावरचं इंग्रजी वाचून दाखवलं, दीड तास. बायका पिशव्या आवरायला लागल्या. विषय इतका कामाचा असताना! २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात माणूस बरा असताना स्वतः लिहून ठेवू शकतो की पुन्हा आजारी पडलो तर माझ्यावर कोणते उपचार करा, कोणते नको आणि माझ्या वतीनं कोणी बोलायचं. साखळीनं बांधणं बेकायदा आहे. विमा कंपनीनं मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं, असंही त्यात आहे. आमच्या एजंटानं "यात येतच नाही" म्हणून कानावर हात ठेवले होते. शिवाय २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार आहे, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व निघालं तर सवलतींचा मार्ग खुला होतो. हे सगळं मला मास्तरांनी नंतर चहा पिता पिता मराठीत सांगितलं. पुढच्या वेळी तो तास त्यांनाच द्या.

दुसरी तक्रार, रात्री दोन वाजता माणूस बिथरला, दार बंद करून बसला, तर काय करायचं याला जेमतेम वीस मिनिटं दिली. टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक त्रासासाठीचा सरकारी फोन चोवीस तास चालतो, हे सगळ्यांनी मोबाईलमध्ये टाकून घेतलं, पण फोन लागेपर्यंत आपण दारापाशी उभं राहून काय बोलायचं, आवाज कसा ठेवायचा, गॅस आणि सुऱ्या कुठं हलवायच्या, याचा सराव हवा होता. पेपरच्या सुरळ्यांसारखा.

पुरुष फार कमी. आमचे हे धरून मोजकेच, आणि त्यातले बाप तर अगदी बोटावर. भावंडं जवळजवळ नाहीतच, आणि आईबाप गेल्यावर सगळं त्यांच्याच गळ्यात येणार आहे. आयोजकांचा यात दोष नाही. कामठीकडच्या दोन घरांना मराठी कागद वाचता येत नव्हते, हिंदी प्रती मात्र ठेवायलाच हव्या होत्या.

वर्गात अन्याय, नशीब, देवाची परीक्षा असलं काही ऐकायला मिळत नाही, त्यामुळे मन हलकं करायला जाणाऱ्यांना तो कोरडा वाटेल. चहाच्या सुट्टीतल्या गप्पांत ती सोय आपोआप होते. तर्री पोह्यांचा ठेला खालीच आहे, शेवटच्या रविवारी आम्ही सगळे तिथं तासभर उभे होतो.

पुढचा वर्ग दिवाळीनंतर, जागा तीसच. नाव नोंदवताना खालच्या खोलीची सोय नक्की चालू आहे का ते विचारून घ्या. आमच्या वेळी शेवटी शेवटी ती ताई आलीच नाही, आणि ह्यांना आळीपाळीनं खाली कॅरम खेळायला बसावं लागलं.