वीस कोर घेतले, कामी आलं भलतंच : १४७००के, आठ महिन्यांनंतर

इंटेलचा कोअर आय७-१४७००के हा प्रोसेसर घेतला तेव्हा माझ्यापुरतं कारण एकच होतं : २० कोर (आकडेमोड करणारे स्वतंत्र भाग), २८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). आधीचा प्रोसेसर ६ कोरचा. व्हिडिओ एडिटिंगची टाइमलाइन अडखळली की मी सगळं खापर त्या सहांवर फोडायचो. काम म्हणाल तर दोन-तीन कॅमेऱ्यांवर घेतलेल्या लांबलचक मुलाखती प्रीमियरमध्ये कापायच्या, आफ्टर इफेक्ट्समध्ये शीर्षकं आणि नकाशे हलते करायचे, आणि उरलेल्या वेळात इलस्ट्रेटर-फोटोशॉपमध्ये मुखपृष्ठं, पोस्टर. गेम खेळत नाही, त्यामुळे गेमच्या फ्रेम मोजणाऱ्यांना इथे काही सापडणार नाही.

पहिले दोन आठवडे मी चक्क पस्तावलो होतो. नवा प्रोसेसर, वेगवान एसएसडी, जुनंच पण चांगलं चालणारं आरटीएक्स ३०६० कार्ड, आणि तरीही ४के फुटेजवर प्लेहेड (टाइमलाइनवरची फिरती रेघ) ओढला की चित्र गोठायचं. टास्क मॅनेजर उघडून पाहिला तर वीसच्या वीस कोर घाम गाळतायत. म्हणजे कोर कमी पडत नव्हते, त्यांना भलतंच काम लागलं होतं.

पाढे नुसते चालीवर पाठ असलेल्या पोराला मधेच ‘सतरा साते किती?’ विचारलं की ते मनातल्या मनात ‘सतरा एके सतरा’पासून सुरू करतं. कॅमेऱ्यातून येणाऱ्या एच.२६५ (व्हिडिओ आकसून साठवायची एक पद्धत) फाइलचं असंच असतं. तिच्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. ठरावीक अंतराने एक पूर्ण फ्रेम, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढीच नोंद. सरळ चालवताना हे निभावतं. पण एडिटिंग म्हणजे सतत मागे-पुढे उड्या, आणि दर उडीला पाढा पहिल्यापासून. त्यात माझे कॅमेरे १० बिट ४:२:२ मध्ये चित्रण करतात. १० बिट म्हणजे प्रत्येक घटकाच्या २५६ ऐवजी १०२४ पातळ्या, आणि ४:२:२ म्हणजे नेहमीच्या ४:२:० च्या दुप्पट रंगमाहिती. ग्रेडिंग म्हणजे रंग सुधारताना याचा फायदा दिसतो, पण उलगडायला हे फुटेज जड. आणि आरटीएक्स ३० मालिकेच्या कार्डातल्या डीकोडरला (व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाला) ४:२:२ येतच नाही. ४० मालिकेलाही नाही. म्हणून सगळा भार कोरवर.

हे ज्याला येतं तो डीकोडर माझ्याकडे होता, प्रोसेसरच्याच पोटात. १४७००केमध्ये यूएचडी ७७० नावाचं छोटं अंगभूत ग्राफिक्स आहे, आणि त्यातलं क्विक सिंक (व्हिडिओ उलगडायची इंटेलची सोय) एच.२६५ १० बिट ४:२:२ हार्डवेअरवर उलगडतं. क्विक सिंक २०११ पासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आहे, तरी मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. वेगळं कार्ड लावलेलं दिसताच मदरबोर्डने हे अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद केलं होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकच ग्राफिक्स दिसतंय हे मी पाहिलंही होतं, आणि ‘बरं झालं, तेवढीच उष्णता कमी’ असं म्हणून सोडून दिलं होतं.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन आयजीपीयू मल्टी-मॉनिटर, म्हणजे कार्ड असतानाही अंगभूत ग्राफिक्स चालू ठेवणारी सेटिंग, सुरू केलं, इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकला, प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखाली हार्डवेअर डीकोडिंगपुढे इंटेलवर खूण केली आणि प्रीमियर पुन्हा उघडलं. पंधरा मिनिटांचं काम. त्यानंतर तीन कॅमेऱ्यांची मल्टिकॅम टाइमलाइन मी प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) न बनवता कापतो. टास्क मॅनेजरमध्ये ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख चढतो आणि कोर निवांत असतात. मॉनिटरची केबल कार्डालाच लावलेली आहे, ती हलवावी लागली नाही.

आता गंमत सांगतो. खरेदीच्या वेळी माझा हात केएफवर जवळजवळ पडला होता. हाच प्रोसेसर, फक्त अंगभूत ग्राफिक्स नसलेला, म्हणून थोडा स्वस्त. ‘कार्ड आहेच की’ हा माझा युक्तिवाद. केवळ त्या दिवशी केएफ शिल्लक नव्हता म्हणून वाचलो.

मात्र यालाही मर्यादा आहे. तेच १० बिट ४:२:२ जर एच.२६४ या जुन्या पद्धतीत असेल तर यूएचडी ७७० हात वर करतं. एका मित्राच्या कॅमेऱ्याचं फुटेज तसं येतं, त्याच्यासाठी मी आजही रात्री प्रॉक्सी लावून झोपतो. आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डांना दोन्ही प्रकार येतात, त्यामुळे तुमच्याकडे तसं कार्ड असेल तर माझं हे सगळं पुराण तुम्हाला फारसं लागू नाही. मग एएमडीच्या रायझन प्रोसेसरकडेही मोकळ्या मनाने पाहा. रायझन ९ ७९५०एक्स १६ पूर्ण ताकदीच्या कोरचा आहे, त्याच्याही पोटात लहानसं ग्राफिक्स आहे, पण त्याला ४:२:२ येत नाही. माझ्यासाठी निवड तिथेच संपली होती, फक्त हे मला खरेदीनंतर कळलं.

उष्णतेबद्दल. जुन्या मशीनमधला एका टॉवरचा एअर कूलर नवी क्लॅम्प लावून वापरायची कंजुषी माझीच. अधिकृत आकड्यानुसार हा प्रोसेसर २५३ वॅटपर्यंत खातो, आणि माझ्या बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये ती मर्यादाही काढलेली होती. एडिटिंग करताना काही जाणवलं नाही. पण एक्स२६५ने (एच.२६५ फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने) सॉफ्टवेअर एन्कोडिंग लावलं की मिनिटाभरात १०० अंश, म्हणजे जिथे चिप स्वतःच वेग कमी करते तिथवर. मोठा कूलर आणायच्या आधी मी बायोसमध्ये १७० वॅटची मर्यादा घालून पाहिली. तासाभराच्या एक्सपोर्टला पाचेक मिनिटं जास्त लागली, बस. शेवटचा थोडासा वेग मिळवायला व्होल्टेज चढवावं लागतं, आणि विजेची भूक व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणून वरचे ते वॅट फार महागात पडतात. मोठा कूलर आणलाच नाही. पंख्याचा आवाज गेला हे मला त्या पाच मिनिटांपेक्षा मोलाचं वाटतं, कारण मी ज्या खोलीत ध्वनी तपासतो त्याच खोलीत हे मशीन आहे.

बायोसला हात घालणारच असाल तर आधी तो अद्ययावत करा. १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बायोसमधून येणाऱ्या मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी तीनवरून पाच वर्षं केली. दुरुस्ती पुढचं नुकसान टाळते, झालेलं भरून काढत नाही. म्हणून वापरलेला प्रोसेसर घेताना मी तरी दहादा विचार करीन.

आफ्टर इफेक्ट्सने मला रॅमचा धडा दिला. ऑक्टोबर २०२१ च्या आवृत्तीपासून ते एकाच वेळी अनेक फ्रेम रेंडर करतं, पण प्रत्येक फ्रेमला स्वतःची रॅम लागते. ३२ जीबीवर माझे अर्धे कोर रॅमची वाट पाहत बसायचे. मग मी शहाणपणा करून १६ च्या आणखी दोन स्टिक खोचल्या, तर मशीन ठरलेल्या वेगाला सुरूच होईना. डीडीआर५ मध्ये चार स्टिक लावल्या की मेमरी कंट्रोलरवर ताण येतो आणि वेग बराच खाली आणावा लागतो. चारही काढल्या, ३२ च्या दोन घेतल्या.

डिझाइनसाठी यातलं फारसं काही लागत नाही, हे स्पष्टच सांगतो. हजारो बिंदूंचा नकाशा इलस्ट्रेटरमध्ये उघडला की एक कोर धावतो, बाकीचे प्रेक्षक. जुन्या मशीनपेक्षा हे नक्कीच चपळ आहे, पण ती चपळाई एका कोरच्या वेगाची, विसांची नव्हे. ज्याचं काम फक्त मुखपृष्ठं आणि पोस्टर आहे त्याने १४ कोरचा आय५-१४६००के घ्यावा आणि वाचलेले पैसे चांगल्या मॉनिटरला घालावेत.

एक सल मात्र आहे. घरगुती डेस्कटॉपसाठी १४वी पिढी ही एलजीए १७०० सॉकेटवरची (प्रोसेसर बसवायच्या खाचेवरची) शेवटची. एएमडीने आपलं एएम५ सॉकेट निदान २०२७ पर्यंत चालवायचं जाहीर केलंय, माझ्या बोर्डावर मात्र यापुढे काही नवं बसणार नाही. एच.२६४ देणारा तो मित्र कॅमेरा बदलायचं म्हणतोय. तसं झालं तर मला निदान कार्ड तरी बदलावं लागणार नाही.