माऊथ ऑर्गनचा ऑनलाइन कोर्स : चोरलेले व्हिडिओ आणि बदललेली पट्टी

माऊथ ऑर्गन ऑनलाइन शिकायचा विचार चाललाय आणि कुठल्यातरी कोर्सची जाहिरात सारखी समोर येतेय, तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. लांबलंय, पण मधे सोडू नका. पैसे कसे गेले ते थोडक्यात सांगता येईल, पण त्या कोर्सने शिकणाऱ्यांच्या कानाचं काय केलं ते सविस्तरच सांगावं लागेल आणि मला जास्त राग त्याचाच आहे.

जाहिरात होती, सात दिवसांत पहिलं गाणं वाजवा. खाली फ्री मास्टरक्लास, लाइव्ह, मोजक्याच जागा, आणि वर टायमर की इतक्या मिनिटांत ऑफर संपणार. मास्टरक्लासमधे एक माणूस तासभर बोलला, बाजूला चॅट धावत होतं, सर मी जॉइन केलं, सर मी पण केलं, थँक्यू सर. नंतर माझ्या बहिणीने तिच्या ईमेलवरून तोच "लाइव्ह" क्लास उघडला तर तीच वाक्यं, मधेच येणारा तोच खोकला, आणि चॅटमधे तीच नावं त्याच मिनिटाला. म्हणजे सगळं रेकॉर्डिंग होतं आणि चॅटसुद्धा आधीच भरून ठेवलेलं. टायमर तर पेज रिफ्रेश केलं की परत पहिल्यापासून सुरू. हे कोणालाही तपासता येतं, दुसऱ्या मोबाईलवरून तेच पेज उघडा, तिथे ऑफर संपायला किती वेळ दाखवतंय ते बघा, बास.

तर पैसे भरले. लाइफटाइम ॲक्सेस, ग्रुपमधे सरांचं मार्गदर्शन, आणि सोबत माऊथ ऑर्गन घरपोच.

आता थोडं वाद्याबद्दल, नाहीतर फसवणूक नेमकी कुठे आहे ते कळणार नाही. आपण सरसकट माऊथ ऑर्गन म्हणतो पण त्यात मुख्य तीन प्रकार. एक डायटॉनिक, छोटा, १० होलचा, प्रत्येक होलमधे फुंकल्यावर एक स्वर आणि हवा आत ओढल्यावर दुसरा, म्हणजे एकूण २० रीड, रीड म्हणजे हवेने थरथरून स्वर काढणारी धातूची पातळ पाती. दुसरा ट्रेमोलो, लांब, वरखाली दोन ओळी, बहुतेक वेळा २४ होलचा, यात प्रत्येक स्वराला दोन रीड असतात आणि त्या मुद्दाम एकमेकींपासून किंचित वेगळ्या लावलेल्या असतात म्हणून आवाज थरथरतो. तिसरा क्रोमॅटिक, बाजूला बटण असतं, बटण दाबलं की स्वर अर्धस्वराने, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या पट्टीइतका चढतो त्यामुळे सगळे कोमल तीव्र मिळतात, १२ होलवाल्यात ४८ रीड. तिघांची मांडणी वेगळी, धडे वेगळे, एकाचा टॅब, म्हणजे कुठला होल फुंकायचा आणि कुठला ओढायचा ते लिहिलेलं गाणं, दुसऱ्यावर चालत नाही.

जाहिरातीत फोटो १० होलवाल्याचा. कोर्समधे बेंडिंगचे, म्हणजे स्वर वाकवून खाली आणण्याचे आठ धडे, तेही १० होलवाल्याचेच. आणि बॉक्समधून निघाला २४ होलचा ट्रेमोलो.

पहिल्याच धड्यात ४ ब्लो, म्हणजे चौथा होल फुंकला की सा, ४ ड्रॉ, म्हणजे तोच ओढला की रे. ट्रेमोलोमधे फुंकायची रीड आणि ओढायची रीड शेजारच्या वेगवेगळ्या खणांत असतात, त्यामुळे चौथ्या होलवर फुंकून आणि त्याच होलवर ओढून सा रे येणारच नाही. ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, सगळे माऊथ ऑर्गन सारखेच, प्रॅक्टिस वाढवा. आणि बेंडिंग तर त्यावर होतच नाही! १० होलवाल्यात फुंकायची आणि ओढायची रीड एकाच खणात असतात, तोंडाच्या आतली पोकळी आणि जीभ बदलली की दोघींची एकमेकींवर ओढ बसते आणि स्वर खाली वाकतो. ट्रेमोलोत प्रत्येक रीड आपल्या स्वतंत्र खणात, तिथे ओढ बसायला दुसरी रीडच नाही. जे वाद्यावर शक्यच नाही त्याचे आठ धडे त्या वाद्यासोबत विकले आणि जमत नाही म्हणणाऱ्याला प्रॅक्टिस कमी आहे म्हणून सांगितलं.

मी मग १० होलचा, सी चा, चांगल्या कंपनीचा वेगळा घेतला. पेटी वाजवणाऱ्यांच्या भाषेत पांढरी एक. आणि खरा गोंधळ तिथून सुरू झाला.

सी च्या डायटॉनिकवर मधलं सप्तक असं, ४ फुंकून सा, ४ ओढून रे, ५ फुंकून ग, ५ ओढून म, ६ फुंकून प, ६ ओढून ध, आणि सातव्याला क्रम उलटतो, आधी ओढून नी मग फुंकून वरचा सा. खालच्या सप्तकात म आणि ध सरळ मिळतच नाहीत, ते दुसऱ्या आणि तिसऱ्या होलच्या ड्रॉ बेंडमधून काढावे लागतात. हे सगळं मी शिकत गेले, स्वर एकेक सुटा यायला लागला, पण व्हिडिओबरोबर वाजवलं की बेसूर. एकटीने वाजवलं की बरोबर, व्हिडिओ लावला की दात आंबल्यासारखं. व्हिडिओतला आवाज सांगतोय सी चा माऊथ ऑर्गन घ्या, माझ्या हातात सी चाच आहे, तरी जुळत नाही.

ग्रुपवर असे बरेच जण होते. सर माझा वेगळा येतोय, सर माझा खाली लागतोय. प्रत्येकाला एकच उत्तर, तुमचा कान तयार नाही, सूर कच्चा आहे, आपला इअर ट्रेनिंगचा ॲडव्हान्स कोर्स घ्या, आज अर्ध्या फीमधे. ग्रुपमधे एक काका होते, नोकरीतून रिटायर झालेले, लहानपणापासून शिकायची इच्छा होती म्हणायचे, रोज रेकॉर्डिंग टाकायचे आणि मी सांगते ते छान वाजवायचे, स्वर स्वच्छ, ताल पक्का. त्यांना तीन वेळा सांगितलं गेलं की सूर कच्चा. त्यांनी इअर ट्रेनिंग घेतलं, त्यातही तेच, आणि मग एक दिवस त्यांनी लिहिलं की या वयात कान घडत नाही, माझ्यामुळे सगळ्यांचा वेळ नको, आणि ग्रुप सोडला. ते वाचून मला झोप लागली नाही.

मग एक धडा बघताना लक्ष गेलं, शिकवणाऱ्याच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं आणि त्याचा सेकंद काटा उलटा फिरत होता. व्हिडिओ पुढे चाललाय, घड्याळ मागे. म्हणजे चित्र आरशासारखं फिरवलेलं. मग सगळंच दिसायला लागलं, आवाज म्हणतोय डाव्या हातात धरा आणि माणसाच्या उजव्या हातात आहे, शर्टाची बटणं उलट्या बाजूला, माऊथ ऑर्गनवरची अक्षरं मुद्दाम धूसर केलेली, आणि पुढच्या काही धड्यांत तर माणूसच वेगळा.

ट्यूनर ॲप लावलं, ते ऐकू येणारा स्वर नेमका कुठला ते दाखवतं. माझा चौथा होल फुंकला, सी. व्हिडिओतला चौथा होल, सी शार्प. पांढरी एक म्हणून काळी एक ऐकवत होते! दुसरे दोन धडे तपासले तर ते दोन्हीच्या मधे कुठेतरी, ना पांढरी एक ना काळी एक, म्हणजे १२ पट्ट्यांपैकी कुठल्याही पट्टीचा माऊथ ऑर्गन आणला असता तरी ज्याच्याशी जुळला नसता असा सूर.

असं का, तर दुसऱ्याचा व्हिडिओ चोरून टाकला की व्हिडिओ साइट तो मूळ व्हिडिओशी ताडून पकडतात. ते टाळायला चोर चित्र उलटं करतात आणि वेग किंवा पट्टी थोडी बदलतात. वेग साधारण ६ टक्के वाढवला आणि पट्टी सांभाळली नाही तर आवाज बरोब्बर एका अर्धस्वराने चढतो, ३ टक्के वाढवला तर अर्धस्वराच्याही अर्धा. स्वयंपाकाच्या किंवा कोडिंगच्या व्हिडिओत याने कोणाचं काही बिघडत नाही, पण इथे पट्टी हाच धडा आहे. वरून मूळ बोलणं काढून मशीनचा आवाज चिकटवलेला, वाजवण्याचा आवाज तेवढा मूळचा आणि तो चढवलेला. म्हणजे काकांचा सूर अगदी बरोबर होता, खोटा सूर कोर्सचा होता, आणि त्याच खोटेपणातून पुढचा कोर्स विकला जात होता.

मूळ व्हिडिओ शोधायला फार वेळ लागला नाही, धड्यातल्या खोलीचा स्क्रीनशॉट इमेज सर्चला टाकला आणि सापडले. मूळ शिक्षकाचे ते धडे फुकट आहेत. भिंतीवरचं घड्याळ तिथे सरळ चालतं आणि चौथा होल सी दाखवतो. मी त्यांना सगळं लिहून पाठवलं, त्यांनी उत्तर दिलं, तक्रार केली आणि बरेच धडे उतरले. ग्रुपमधे मी दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवून टाकले तर लगेच मला काढलं आणि मेसेजही डिलीट केले.

पैशाचं म्हणाल तर कोर्स लाइफटाइम होता तरी कार्डातून "कम्युनिटी मेंबरशिप" नावाने दर महिन्याला वेगळी रक्कम कापली जात होती, पेमेंटच्या पानावर आधीच टिक केलेला एक बारीक चौकोन होता. ऑटो पे मी बँकेतून बंद केलं, त्यांना सांगून बंद करा म्हणत बसू नका, ते लांबवत राहतात. बँकेत डिस्प्यूट टाकला तेव्हा माऊथ ऑर्गनचे पैसे परत मिळाले कारण जाहिरातीचा १० होलचा फोटो आणि आलेल्या २४ होलच्या बॉक्सचा फोटो दोन्ही माझ्याकडे होते. कोर्सचे मिळाले नाहीत, त्यांनी मी लॉगिन करून धडे बघितल्याचा रेकॉर्ड दाखवला. म्हणून जाहिरात दिसली की आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर ती गायब होते.

आणि पैसे भरायच्या आधी एवढं करा. शिकवणाऱ्याला विचारा कुठला प्रकार, किती होल, कुठली पट्टी. जो खरा वाजवतो तो पहिल्या वाक्यात सांगतो. समोरासमोर व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं मागा आणि म्हणा चौथा होल फुंकून दाखवा आणि मग दुसऱ्या होलचा ड्रॉ बेंड करून दाखवा, ज्याला येतं त्याला यात काहीच अवघड नाही आणि राग तर मुळीच यायला नको. सॅम्पल धड्यावर ट्यूनर लावा. ट्यूनरचा काटा थोडा वर दिसला तर घाबरू नका, बरेच माऊथ ऑर्गन कारखान्यातूनच किंचित चढे लावलेले असतात आणि फुंकण्याच्या जोरानेही थोडा फरक पडतो, पण तो काही सेंटचा. अर्धस्वर म्हणजे १०० सेंट, तेवढा फरक श्वासाने पडत नाही. सांगितलेली पट्टी आणि ऐकू येणारी पट्टी वेगळी असेल तर तिथेच थांबा. सात दिवसांत गाणं म्हणणाऱ्यालाही विचारा की सुटा एक स्वर स्वच्छ यायला किती दिवस धरलेत, कारण बऱ्याच जणांना त्यालाच काही आठवडे जातात आणि बेंड यायला महिने, आणि यात कमीपणा काहीच नाही.

काकांना मी मूळ धड्यांची लिंक आणि ट्यूनरचे दोन्ही स्क्रीनशॉट पाठवले, नंतर फोनही केला, तुमचा सूर बरोबर होता हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. पण ग्रुपमधल्या बाकीच्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत आणि तीच मंडळी आता नव्या नावाने तशीच जाहिरात करतायत. तुम्ही अशा कोर्समधे असाल आणि सूर कच्चा म्हणून तुमचा माऊथ ऑर्गन कपाटात गेला असेल, तर तो बाहेर काढा, चौथा होल फुंका, ट्यूनर काय दाखवतो ते बघा आणि मग व्हिडिओतला तोच स्वर लावून बघा.