दान आलेले संगणक: लॅपटॉप स्वीकारावेत की डेस्कटॉप?

जुने संगणक नीट करून, नवे घेण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबांपर्यंत पोहोचवण्याचे काम जो गट हाती घेतो, त्याच्यापुढे हा प्रश्न लवकरच उभा राहतो. कारण जागा आणि हात दोन्ही अपुरे असतात आणि येईल ते ठेवून घेणे परवडत नाही. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेसाठी मिळणाऱ्या मोफत सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. त्यामुळे चालू स्थितीतली यंत्रेही कार्यालयांतून बाहेर पडत आहेत. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली घालावी की आणखी काही, हा वेगळा विषय आहे आणि तो दोन्ही प्रकारांना सारखाच लागू पडतो.

घेणाऱ्याला विचारले तर तो बहुधा लॅपटॉपच मागेल, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. एका खोलीच्या घरात टेबल अडवून बसणारे यंत्र गैरसोयीचे असते. शिवाय कॅमेरा, माइक, वायफाय आणि पडदा लॅपटॉपमध्ये आधीच असतात, तर कार्यालयीन डेस्कटॉपला यांतल्या बऱ्याच गोष्टी वेगळ्या जोडाव्या लागतात. लॅपटॉपला वीजही कमी लागते. कागदावर मांडले तर निकाल इथेच लागायला हवा.

माझ्या बाबतीत तो उलटा लागला, तो बॅटरीमुळे. कार्यालयातून आलेला लॅपटॉप वरून नवाकोरा दिसतो; पण तो वर्षानुवर्षे चार्जरला जोडलेलाच राहिलेला असतो, आणि लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण भरलेल्या आणि उबदार अवस्थेत राहिली की अधिक वेगाने झिजते. म्हणजे जो लॅपटॉप सर्वांत कमी फिरला, त्याचीच बॅटरी अनेकदा सर्वांत वाईट निघते. मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावर उरणारी क्षमता हे दोन्ही आकडे संगणकातच पाहता येतात. मात्र झिजलेल्या बॅटरीचा अंदाज बेभरवशाचा असतो, आणि निम्मी भरलेली दाखवत असतानाच यंत्र अचानक बंद पडल्याचे मी पुष्कळदा पाहिले आहे. काही बॅटऱ्या फुगतात, खालून टचपॅड वर ढकलतात आणि ‘क्लिक होत नाही’ एवढीच तक्रार घेऊन समोर येतात. अशी बॅटरी टोचली किंवा दाबली गेली तर पेट घेऊ शकते. ती कचऱ्यात टाकता येत नाही, आणि संकलन केंद्रात जाईपर्यंत सांभाळण्याची जोखीम आपल्याच माथी येते. बदली बॅटरी मॉडेलनुसार वेगळी असते, आणि स्वस्त पर्यायी बॅटरीवर छापलेली क्षमता प्रत्यक्षात मिळेलच असे नाही. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवावे, तर काही लॅपटॉप प्रोसेसरचा वेगच कमी करतात.

चार्जरचा गुंता याच्याच पोटातला. दान देताना तो हमखास मागे राहतो. व्होल्टेज जुळवून दुसरा शोधला, तरी काही कंपन्यांची यंत्रे परका अडॅप्टर ओळखून चार्जिंग नाकारतात. डेस्कटॉपची मागची तीन पिनांची वायर मात्र बहुतेक सगळ्या डेस्कटॉपना आणि मॉनिटरनाही चालते.

डेस्कटॉप उघडणे सोपे आहे, हे सांगायला नकोच. त्यातून निघणारा एक फायदा मात्र सहसा लक्षात येत नाही. जुन्या मालकाचा बायोस पासवर्ड, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच यंत्र अडवणारा पासवर्ड, राहून गेला असेल, तर बहुतेक डेस्कटॉपवर तो मदरबोर्डवरचा (मुख्य बोर्डावरचा) जम्पर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, हलवून काढता येतो. कार्यालयीन लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या चिपमध्ये राहतो आणि वीज तोडली तरी जात नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवल्याने होणारा बदल दोन्हींकडे सारखाच सुखद आहे. रॅम वाढवायची झाली तर मात्र अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच झाळलेली असते. डेस्कटॉपही निर्दोष नाहीत. छोट्या आकाराच्या काही कार्यालयीन डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय खास त्याच मॉडेलचा असतो. सीआर २०३२ हा बटन सेल संपला की घड्याळ मागे जाते, आणि तारीख चुकल्यामुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी झाल्याने घरच्यांना इंटरनेटच बिघडल्यासारखे वाटते. पण हा सेल कुठेही मिळतो आणि कोणालाही बदलता येतो.

वसतिगृहात राहणाऱ्या किंवा भाड्याची घरे वारंवार बदलावी लागणाऱ्या माणसाला डेस्कटॉप देणे योग्य नव्हे, हे मान्य. तुमच्या गटात लॅपटॉप खोलण्यात तरबेज माणूस असेल, तर तुमचा निर्णय माझ्याहून वेगळा असू शकेल. मी स्वतः लॅपटॉप स्वीकारताना देणाऱ्याला तीन गोष्टी सांगतो: सोबत त्याचाच चार्जर द्यावा, बायोस पासवर्ड स्वतः काढून द्यावा आणि बॅटरीच्या क्षमतेचे दोन्ही आकडे आधी कळवावेत. ज्याला एवढे जमणार नाही, त्याला त्याच्या कार्यालयात डेस्कटॉप पडून आहेत का, असे विचारतो.