तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बहिणीची डिलिव्हरी, बाळाच्या सेफ्टीचं जे पाहिलं ते सगळं

पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून बहीण आमच्याकडे होती. जावयाचं म्हणणं नागपूरला प्रायव्हेटमध्ये नेऊ, पण आशाताई म्हणाली रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत तं कशाला, इथले सिस्टर लोक चांगले आहेत. नॉर्मलच झाली, मुलगी, २ किलो ७०० ग्रॅम. दवाखान्याचं नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि त्याचा त्रास चांगलं काम करणाऱ्यांना व्हायला नको.

सगळ्यात जास्त आवडलं ते पट्टीचं काम. बाळ पुसून आईच्या अंगावर ठेवलं आणि लेबर रूममध्येच बाळाच्या पायाला अन् बहिणीच्या मनगटाला सारख्या नंबरची पट्टी बांधली, आईचं नाव, तारीख, वेळ, मुलगी, सगळं लिहून. बाहेर आमच्या आईकडे बाळ देताना सिस्टरनं आधी ती पट्टी मोठ्यानं वाचली, मग हातात दिलं. आई म्हणे अवो माझीच नात आहे, तरी वाचलीच. नंतर पूर्ण वेळ बाळ आईजवळच, लस द्यायला किंवा वजनाला न्यायचं तं घरचं एक माणूस सोबत पाहिजेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक पोरगी पांढरा कोट घालून आली, गळ्यात आयकार्ड नाही, म्हणे बाळ द्या वजन करून आणते. काकू बसून होती, तिनं सरळ नाही म्हटलं, आधी सिस्टरला बोलवा. ती पोरगी नर्सिंगची शिकाऊ निघाली, वावगं काही नव्हतं, पण इनचार्ज सिस्टर काकूवर चिडली नाही, त्या पोरीलाच कार्ड घालून ये म्हणून परत पाठवलं. बाळ मागायला कोणीही आलं तं असंच करा, लाजू नका.

उन्हाळ्याचं सांगतो कारण आपल्याकडे हाच घोळ होते. मे महिना, बाहेर ४५ डिग्री, वार्डात कुलर, आणि बहिणीची खाट बरोबर कुलरच्या तोंडाशी. सिस्टरनं स्वतः खाट सरकवून दिली, बाळावर सरळ हवा नको, ओलं दुपटं लगेच बदला म्हणाली. आईचं चालू होतं एवढ्या गर्मीत लेकराचा घसा सुकते, चमचाभर पाणी तरी द्या, मध तरी चाटवा. सिस्टर दोनदा येऊन बसली, अंगावर कसं पाजायचं ते बहिणीला दाखवलं आणि आईला सांगितलं, सहा महिने पाणी पण नाही, दुधातच पाणी राहते. आईनं ऐकलं, आमचं सांगून ऐकलं नसतं.

तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं, रक्त तपासून निळ्या लाईटखाली ठेवलं. तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता, भंडाऱ्याचं आठवते ना सगळ्यांना, ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या युनिटला आग लागली अन् १० बाळं गेली. म्हणून मी दारातूनच पाहिलं, आग विझवायचं सिलेंडर आहे का, त्याच्या चिठ्ठीवर रिफिलची तारीख संपली का, दुसरं दार कुठं आहे. सिलेंडर होतं, तारीख चालू होती, रात्रीच्या सिस्टरला ते चालवता पण येत होतं आणि ती रात्रभर खोली सोडून गेली नाही. पण मागच्या दारासमोर सलाईनचे खोके छातीएवढे रचून! मी बोललो तं सकाळी हलवले, पण हे नातेवाईकानं सांगायची गोष्ट आहे का?

आता तक्रार. रात्री वार्डाच्या दाराशी कोणीच नाही. गार्ड एकच, तो खाली मेन गेटवर, वर कोणीही चढून येते. कॅमेरा आहे पण चालू आहे का विचारलं तं कोणी नीट सांगेना. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं ना की दवाखान्यातून नवजात बाळाची तस्करी झाली तं पहिले त्याचं लायसन्स सस्पेंड करा, मग दारावर एक माणूस बसवायला काय अडचण आहे? आम्ही पाळी लावली, एक झोपला की एक जागा. जी बाई एकट्या सासूसोबत आली तिनं काय करावं? बाथरूमला दुपारी पाणी नाही, बाळंतिणीसाठी हे पण लहान नाही.

शेजारच्या खाटेवर पोरगा झाला तं एकानं पेढ्याच्या नावाखाली ५०० रुपये घेतले. देऊ नका. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात डिलिव्हरी, सिझर, औषधं, रक्त, जेवण, घरी सोडायची गाडी सगळं फुकट आहे. कोणी मागितलं तं सरळ अधीक्षकांकडे जा.

सुट्टी होताना बीसीजी, पोलिओ, हेपॅटायटीस बी कार्डावर लिहिलंय का पाहून घ्या, आणि जन्माची नोंद दवाखान्यातच होते तिथं आईबापाच्या नावाचं स्पेलिंग आधारवरून तपासा, बाळाचं नाव मागून टाकता येते. ५ पैकी ४ स्टार, एक कापला तो रात्रीच्या दारासाठी.