अत्तर मारलेले गुलाब आणि माझे ७,८५० रुपये

आधी आकडे सांगते, म्हणजे "किती गेले हो?" असं कुणी हळूच विचारायला नको. पाच रोपं, प्रत्येकी ८५०, म्हणजे ४,२५०. 'गुलाब स्पेशल' खताची पिशवी ६००, जी उघडल्यावर शेणखत, भाताचं तूस आणि विटांचा चुरा निघाली. आणि पुढच्या गाडीनं येणाऱ्या चार रोपांसाठी ७५० च्या 'खास काकूंच्या भावात' आगाऊ ३,०००. एकूण ७,८५०. गाडी अजून येतेच आहे.

मला गुलाबातलं काही कळत नाही असं कृपया समजू नका. नाशिकला आमच्या रो हाउसच्या पुढे चौदा फूट लांब आणि तीन फूट रुंद एवढी पट्टी आहे. त्यात ग्लॅडिएटर हा लाल गुलाब मी कित्येक वर्षं वाढवलाय. दसऱ्याच्या आसपास छाटणी, कापलेल्या टोकांना बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट, निंबोळी पेंड, सहा-सात आठवड्यांनी फुलं, हे सगळं मला पाठ आहे. हवा होता फक्त वासाचा पांढरा. आणि तो मिळणं खरंच कठीण आहे. नर्सरीत 'पांढरा' म्हटलं की हातात आइसबर्ग ठेवतात. तो जर्मनीच्या कोर्डेस यांचा १९५८ सालचा फ्लोरिबंडा, म्हणजे घोसाच्या गुलाबांतला. घोसांनी फुलतो, दणकट आहे, पण वासाच्या नावानं जवळजवळ शून्य. गुलाबाच्या नव्या जाती काढणारे डॉ. बी. पी. पाल यांनी होमी भाभांच्या नावानं पांढरा हायब्रिड टी (देठावर एकेकटं मोठं फूल येणारा प्रकार) काढला होता, तोही मी विचारून दमले. त्यामुळे ऑगस्टमध्ये मैदानावरच्या प्रदर्शनात एका स्टॉलवर 'पोप जॉन पॉल' अशी पाटी दिसली तेव्हा मी थांबले, यात माझं काय चुकलं? अमेरिकेत २००६ साली आलेली ही जात. भरगच्च पाकळ्यांचं मोठं फूल, शुभ्र रंग आणि वास. नेमकं जे हवं होतं तेच.

आता ज्या गोष्टीनं माझी झोप उडवली ती सांगते.

वास स्टॉलच्या चार फूट अलीकडूनच येत होता. वेळ संध्याकाळची, नुकतीच सर येऊन गेलेली, हवा गार. गुलाबाचा वास सकाळी ऊन जरा तापल्यावर खुलतो, गार ओल्या संध्याकाळी तो बसलेला असतो. हे मी स्वतः शेजारणीला सांगत आलेय. पुढे वाकले. फुलाला वास, ठीक. शेजारच्या घट्ट मिटलेल्या कळीलाही तेवढाच वास! हिरव्या आवरणात अजून बंद असलेली कळी कसली घमघमतेय? आणि मग हाताला पान लागलं. रिक्षात बसल्यावर बोटं नाकाशी नेली, तर बोटांनाही तोच वास. स्वीट ब्रायरसारखा एखादा जंगली गुलाब सोडला तर गुलाबाच्या पानाला असा वास नसतो. शिवाय पोप जॉन पॉलचा वास लिंबा-संत्र्याच्या अंगाचा असतो असं मी स्वतः वाचलेलं. माझ्या नाकापुढे मात्र लग्नाच्या मांडवातली गुलाबदाणी होती. तरीही मी मनाशी म्हटलं, पाकळ्या घासल्या असतील. एवढी दाट गर्दी, वरून पिवळे दिवे, मागून दोन बायका "आम्हाला पण चार द्या" म्हणून हात पुढे करणाऱ्या (त्या स्टॉलवाल्याच्याच होत्या याची मला आता शंभर टक्के खात्री आहे). अशा वेळी कुणीही हेच केलं असतं. वास घेऊन घेतलेलं रोप आहे, पाटी वाचून नाही. मी तर उलट पारखून घेतलं!

क्यूआर स्कॅन केल्यावर नाव कुठल्याशा मोबाईल दुकानाचं आलं. विचारलं, तर म्हणाला, "भाचा आहे काकू, त्याचंच खातं." बिल मागितलं, तर स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे बॉलपेननं '५ पोप, पेड' लिहून दिलं. आगाऊ रक्कम कधीही देऊ नका. अगदी ओळखीच्या नर्सरीलाही रोप बघितल्याशिवाय देऊ नका.

घरी आणून सकाळी झारीनं पाणी घातलं आणि वास गेला. धुऊन गेला म्हणा ना. पांढऱ्या फुलावर पाणी मारायचं नसतं, पाकळ्यांवर तपकिरी डाग पडतात, म्हणून एरवी मी बुंध्याशीच घालते. त्या दिवशी प्रवासाची धूळ होती म्हणून घातलं. नाहीतर अत्तर आपोआप उडेपर्यंत मी त्या माणसाचं गुणगानच करत बसले असते.

पिशव्या फाडल्या. पाचांपैकी तीन रोपांच्या मुळांभोवती काळ्या चिकणमातीचा घट्ट गोळा, आत पांढरी बारीक मुळं नावाला नाहीत. रानटी खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरतात त्या जागी, म्हणजे जोडावर, प्लास्टिकची पट्टी करकचून तशीच. ती सोडली तर आतला डोळा वाळून कोळसा. झाड हिरवं दिसत होतं ते खालच्या खुंटाच्या जिवावर. जोडाच्या खालून सरळसोट, फिकट हिरव्या काठ्या निघाल्या होत्या, आणि शेंड्याशी फूल असलेली काठी? ती नुसती मातीत खोचलेली! म्हणजे मी ८५० रुपयांना एक रानटी खुंट आणि एक कापलेलं फूल घेतलं. उरलेली दोन रोपं जगली. त्यांना पुढे फुलंही आली. घोसानं, लहान, पांढरी, बिनवासाची. ओळखलंत ना? तोच तो आइसबर्ग, जो आमच्या नेहमीच्या नर्सरीत १२० ला मिळतो.

एका पानावर पाच पानोळ्या (छोटी पानं) म्हणजे कलम आणि सात म्हणजे रानटी, हा सगळीकडे फिरणारा नियम भरवशाचा नाही, चांगल्या जातींनाही सात येतात. रोप घेताना फूल नका बघू, जोड बघा. फुटवा जोडाच्या वरून आलाय की खालून, एवढं एकच बघा. आणि शेंडा धरून अगदी हलका वर ओढून बघा. विकणारा ओरडला तर पुढच्या स्टॉलवर जा.

आता सरकारी पाहुणचार ऐका. चौकीत गेले. हवालदार म्हणाले, "गुलाबाला वास नाही म्हणून तक्रार? मग गजरा घ्यायचा ना ताई." बाकावर बसलेले दोघं हसले. मी म्हटलं, रोप खोचलेलं होतं, पैसे ऑनलाइन गेलेत, आगाऊ घेऊन माणूस पळालाय. ऑनलाइन म्हटल्याबरोबर त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून सायबरकडे पाठवलं. तिथे सांगितलं, "समोरासमोर व्यवहार झालाय, यात सायबर काय आहे? तुमच्या चौकीतच द्या." बँकेत गेले. "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो, मीच टाकला, दरोडेखोरानं टाकला असता तर मी तुमच्याकडे कशाला आले असते? खातं कुणाचं आहे ते सांगा म्हटलं, तर गोपनीयता. चोराची गोपनीयता! माझं नाव, पत्ता, आधार, पॅन, सगळं त्यांनी माझ्याकडून दोनदा लिहून घेतलं. कृषी कार्यालयातले साहेब जेवायला गेले होते ते चहाच्या वेळी आले, आणि म्हणाले, आमच्याकडे फळझाडं. हेही खरं निघालं. राज्यात रोपवाटिकांचा १९६९ चा कायदा आहे तो फळरोपांसाठी. आंब्याचं कलम खोटं निघालं तर निदान कुणाच्या दारात जायचं ते ठरलेलं आहे. गुलाब फसवा निघाला तर तो तुमचा छंद! ज्यांच्या मैदानावर प्रदर्शन भरलं त्यांचं उत्तर तर तयारच होतं, "आम्ही फक्त जागा दिली." भाड्याची पावती कुणाच्या नावानं फाडली हे सांगायला लेखी अर्ज हवा. लेखी अर्ज दिला तर आवक शिक्का मारणारा रजेवर.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, हे चांगलं आहे. पण समोरच्याचा नाव-पत्ता लागतो, आणि घोडं पेंड खातंय ते तिथेच. कार्डावरचा फोन बंद, कार्डावरचा पत्ता म्हणजे 'पुणे रोड'. आमचे हे म्हणतात, "सोड आता, सात हजारांत काय होतंय." यांचे पैसे शेअर बाजारात बुडतात तेव्हा त्याला गुंतवणूक म्हणतात.

ज्यांनी त्या मैदानावरून पांढरे गुलाब घेतलेत, त्यांनी आजच मातीचा गोळा बादलीत भिजवून मोकळा करा आणि जोडावरची पट्टी ब्लेडनं उभी कापून सोडा. डोळा हिरवा असेल तर झाड वाचेल. मातीच्या वर दोन बोटं जोड राहील असं लावा, सहा तास ऊन द्या, आणि जोडाखालची फूट कात्रीनं कापू नका, बुडातून ओरबाडून काढा, नाहीतर तिथूनच पुन्हा येते. डोळा काळा असेल तर फेकण्याआधी पट्टीसकट फोटो काढा. मी तीन रोपांपैकी एकाचाच काढला, बाकीची रागाच्या भरात उकिरड्यावर गेली. आणि तुमच्यापैकी कुणाकडे त्याचं छापील बिल असेल, त्यावर गाळा नंबर, गाव, काहीही असेल, तर मला नक्की कळवा. अर्ज लिहून तयार आहे, फक्त समोरच्याच्या पत्त्याची ओळ रिकामी आहे.