प्रेझेंट सबजंक्टिव्हसाठी अकादेमियाचा तक्ता: बिनचूक, पण मुका

स्पॅनिश क्रियापदाचं रूप अडलं की शेवटचा शब्द रेआल अकादेमिया एस्पान्योलाचा. माद्रिदची ही संस्था 1713 सालची. तिचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे, आणि क्रियापदाच्या नोंदीसोबत रूपांचा तक्ताही मिळतो.

'आब्लार' (बोलणे) उघडा. सबजंक्टिव्हच्या (इच्छा वगैरे सांगणारं, आपल्या '-आवं'सारखं रूप) वर्तमानात आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. 'कोमेर'चं (खाणे) कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमाइस, कोमान. 'बिबिर' (राहणे) अगदी कोमेरच्या पावलावर पाऊल. खरी गोम अदलाबदलीत आहे: शेवटी 'आर' असलेल्या क्रियापदांना ए, 'एर' किंवा 'इर' असलेल्यांना आ. तक्ता हे सांगत नाही, आपणच ताडायचं. साध्या वर्तमानातलं 'मी'चं रूप घ्या (आब्लो), शेवटचा ओ काढा, उलटा स्वर जोडा. मूळ क्रियापदाऐवजी 'मी'चं रूप धरायची सवय पुढे कामाला येते. 'तेनेर'चं (जवळ असणे) तेंगो, म्हणून तेंगा.

मांडणीतली एक गोष्ट फार आवडली. 'उस्तेद' हे आदरार्थी सर्वनाम 'तू'च्या खालीच ठेवलंय, रूप मात्र तृतीय पुरुषाचं. समोरच्याशी बोलताना क्रियापद तृतीय पुरुषी का, हा गोंधळ तिथल्या तिथे मिटतो. लॅटिन अमेरिकेपुरतं शिकत असाल तर 'बोसोत्रोस'ची ('तुम्ही' सगळे) ओळ (आब्लेइस, कोमाइस) खुशाल सोडा.

लेखनात तक्त्याला तोड नाही. 'बुस्कार'चं (शोधणे) बुस्के लिहिताना सी जाऊन क्यू-यू येतं, 'येगार'च्या (पोहोचणे) येगेमध्ये जीनंतर यू घुसतो, 'क्रुसार'च्या (ओलांडणे) क्रुसेमध्ये झेडचा सी होतो. उच्चार टिकावा म्हणून स्पेलिंग बदलतं. ही अनियमित क्रियापदं नव्हेत. नवशिके नेमके इथेच गुण घालवतात.

उणिवा ठळक आहेत. तक्त्यात वापराची वाक्यं नाहीत, सराव नाही. उच्चाराचा जोर सुरुवातीच्या आ वर असेल तर आब्ले म्हणजे 'बोलावं'. शेवटच्या ए वर गेला आणि त्यावर तिरकी खूण आली की तेच 'मी बोललो'. हा फरक कानानेच पक्का होतो, नुसती अक्षरं बघून नाही. शोधपेटीत थेट 'कोमा' टाकाल तर स्वल्पविराम आणि बेशुद्धावस्था पुढ्यात येतील, तेव्हा मूळ क्रियापदच टाकावं. नकारार्थी आज्ञाही सबजंक्टिव्हमधूनच उचलायच्या: 'नो आब्लेस', बोलू नकोस.

रूप कधी वापरायचं, यात मराठी माणूस तक्त्याच्या पुढे आहे. 'मला बोलायचंय' म्हणजे क्येरो आब्लार. 'तू बोलावंस असं मला वाटतं' म्हणजे क्येरो के आब्लेस. कर्ता बदलला की आपणही '-आवं'कडेच वळतो. फसगत होते ती 'मला बोलावं लागतं'मध्ये. तिथेही '-आवं' आहे, स्पॅनिशमध्ये 'के'ही (आपलं 'की') आहे, पण वाक्य होतं तेंगो के आब्लार. 'तेंगो के आब्ले' लिहिलंत की चुकलं, आणि अकादेमियाचा तक्ता इथे मदतीला येत नाही.

खात्री करायला पाचपैकी पाच, शिकायला दोन. जोडीला आवाज ऐकवणारं एखादं ॲप आणि वही हवीच.